ग्लासगोची शीव, लिव्हरपूलची भावकी

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन क्लबांची डर्बी (एकाच शहरातल्या संघांचा सामना) जवळ आली की आमच्या मालवणातल्या फुटबॉलवेड्या पोरांत एक वाक्य हमखास फिरतं: "एव्हर्टन कॅथलिकांचा, लिव्हरपूल प्रोटेस्टंटांचा. सेल्टिक-रेंजर्सचीच दुसरी आवृत्ती." हे मुळातच चूक आहे. कितीदा सांगितलं तरी पुढच्या मोसमात तेच ऐकू येतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

सेल्टिक-रेंजर्स ही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची जोडी. तिचं तुम्हाला पाठ आहे, तेव्हा ते थोडक्यात. रेंजर्स 1872 चा. सेल्टिक 1887 मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूंनी काढला, आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांच्या पोरांच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून. रेंजर्सने कित्येक दशकं कॅथलिक खेळाडू टाळले. 1989 मध्ये त्यांनी मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतलं तेव्हा त्यांच्याच काही समर्थकांनी गळपट्टे जाळले. धर्म, आयर्लंड, राजकारण हे सगळं भांडण फुटबॉलच्या आधीचं. क्लब त्यात नंतर आले. आपल्याकडच्या दोन गावांच्या शिवेसारखं ते आहे. पलीकडचा कोण, हे जन्माआधीच ठरलेलं. (आणि 'ओल्ड फर्म' हे नाव फक्त याच जोडीचं. दिसेल त्या डर्बीला ते चिकटवू नका.)

लिव्हरपूलमध्ये अशी शीव नाही. तिथे आहे ती भावकी.

एव्हर्टनचा जन्म 1878 मध्ये सेंट डोमिंगो चर्चमध्ये झाला. ते चर्च मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटच; कॅथलिक एव्हर्टनची गोष्ट इथेच संपते. शहरात कॅथलिक-प्रोटेस्टंट तंटे नव्हते असं नाही, चांगले रक्तबंबाळ होईपर्यंत होते, पण ते तंटे या दोन क्लबांत वाटले गेले नाहीत. 1884 पासून एव्हर्टन खेळायचा तो अ‍ॅनफिल्डवर. 1891 चं त्यांचं पहिलं लीग विजेतेपदही अ‍ॅनफिल्डवर खेळतानाचं. मैदान होतं बिअरचा कारखानदार जॉन होल्डिंग याच्या ताब्यात. वर्षाचं भाडं 100 पौंडांवरून 250 पौंडांवर गेलं, सभासद बिथरले, आणि 1892 मध्ये एव्हर्टनने स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्क उभारलं. होल्डिंगकडे रिकामं मैदान उरलं. 'एव्हर्टन' हे नाव स्वतःकडे ठेवायचा त्याने प्रयत्न केला, ते मिळालं नाही, तेव्हा त्याने नवा क्लब काढला आणि नाव ठेवलं लिव्हरपूल. त्या पहिल्या संघात बहुतेक खेळाडू स्कॉटलंडहून आणलेले.

खोताने खंड वाढवला, थोरल्याने घर सोडून समोर नवी वास्तू बांधली, आणि जुन्या घरात आलेलं बिऱ्हाड पुढे मोठं झालं, अशी ही कथा. त्यात नावाची मेख आहेच. एव्हर्टन हे शहरातल्या एका भागाचं, म्हणजे वाडीचं नाव. धाकट्याने अख्ख्या गावाचं नाव घेतलं.

म्हणूनच तिथे एका घरात बाप निळा (एव्हर्टनचा) नि मुलगा लाल (लिव्हरपूलचा) असायचा. 1984 च्या लीग कपचा अंतिम सामना या दोघांतच झाला, तेव्हा लंडनच्या वेम्ब्लीवर दोन्हीकडचे लोक मिळून "मर्सीसाइड, मर्सीसाइड" (लिव्हरपूल परिसराचं नाव) असं ओरडत होते. शहरात तेव्हा बेकारी भयंकर होती आणि वेम्ब्लीला गेलेला माणूस आधी लिव्हरपूलचा होता, मग लाल किंवा निळा.

मग बिघडलं कशाने? सगळे म्हणतात, हेजेलने. 29 मे 1985 रोजी ब्रसेल्सच्या हेजेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी केलेल्या हल्ल्यानंतर भिंत कोसळली, 39 माणसं मेली, आणि इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी झाली. एव्हर्टनने त्याच मोसमात लीग आणि कप विनर्स कप जिंकले होते. युरोपियन कप खेळायची त्यांची संधी गेली. हा सल खरा आहे. पण तारखा बघा. 1986 चा एफए कपचा अंतिम सामना याच दोघांतला आणि हेजेलनंतरचा, आणि त्यातही लाल-निळे एकत्रच बसले होते. तेव्हा हेजेलने खपली तयार केली, इतकंच मी मानतो. ती खरवडत ठेवली दुसऱ्याच प्रश्नाने: गाव कोणाचं?

हा प्रश्न कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. शिमग्याला पालखी नाचवायची वेळ आली की चाकरमानी म्हणतो, देवळाचं छप्पर आमच्या पैशाने झालं. गावात राहिलेला म्हणतो, पावसाळ्यात ते गळतं तेव्हा वर चढतं कोण? लिव्हरपूल जगभर पसरला. अ‍ॅनफिल्डवर नॉर्वेहून, आयर्लंडहून, आता आशियातूनही लोक येतात. एव्हर्टनकडे 1995 नंतर एकही मोठा करंडक आला नाही. तेव्हा त्यांनी जे हातात उरलं ते घट्ट धरलं, ते म्हणजे इथलेपण. 2002 मध्ये नवे व्यवस्थापक डेव्हिड मॉइस यांनी एव्हर्टनला 'लोकांचा क्लब' म्हटलं आणि ते बिरुद झालं. आमचे समर्थक इथले, तुमचे बाहेरचे, हा त्याचा अर्थ.

हा टोला नॉर्वेकराला लागत नाही. लागतो तो अ‍ॅनफिल्डच्या गल्लीत जन्मलेल्याला, ज्याचा आजाही तिथलाच होता. 12 फेब्रुवारी 2025 ला गुडिसनवरच्या शेवटच्या डर्बीत एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीने 98 व्या मिनिटाला 2-2 केलं. शिट्टीनंतर एव्हर्टनच्याच डुकुरेने लिव्हरपूलच्या समर्थकांसमोर जाऊन जल्लोष केला, तेव्हा त्याच्यावर धावून गेला तो लिव्हरपूलचा कर्टिस जोन्स, त्या शहरातच जन्मलेला पोरगा. दोघांनाही लाल कार्ड मिळालं. प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक लाल कार्डं याच डर्बीत निघाली आहेत. तिला अजून 'फ्रेंडली डर्बी' म्हणणाऱ्यांनी ते नाव आता सोडावं.

तरीही ग्लासगोशी तिची गाठ मारू नका. शिवेपलीकडच्या गावाचं आपल्याला सुतक लागत नाही. भावकीचं लागतं, बोलाचाल बंद असली तरी लागतं. एप्रिल 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक चिरडून मेले, तेव्हा गुडिसनपासून अ‍ॅनफिल्डपर्यंत स्टॅन्ली पार्कमधून लाल-निळ्या गळपट्ट्यांची साखळी बांधली गेली. 2007 मध्ये 11 वर्षांच्या एका एव्हर्टनवेड्या मुलाचा गोळी लागून जीव गेला, तेव्हा अ‍ॅनफिल्डवर एव्हर्टनची धून वाजली.

म्हणून हिल्सबरोच्या मृतांवरून आमची पोरं इथे मालवणात बसून टोमणे लिहितात, समोरून हेजेलवरून 'खुनी' असं उत्तर येतं, तेव्हा मला संताप येतो. संघ कुठलाही धरा, खुशाल चिडवा, हरल्यावर जेवू नका. पण ती माणसं ज्यांची गेली त्यांच्या दारात एकदा जाऊन बघा. सप्टेंबर 2012 मध्ये गुडिसनवर सामन्याआधी एक निळ्या शर्टातली मुलगी आणि एक लाल शर्टातला मुलगा हात धरून मैदानात आले. एकाच्या पाठीवर आकडा होता 9, दुसऱ्याच्या पाठीवर 6. तेव्हा मृतांची संख्या 96 होती, आणि निळ्यांनी भरलेलं ते मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं.