थंड हवेचे ठिकाण आणि थंडीचे ठिकाण

डिसेंबरच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन चार दिवस मोकळ्या रानात कुठे राहावे, असा विषय घरात निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘महाबळेश्वर नको, तिथे बाळ गारठेल, त्यापेक्षा नाशिककडे एखाद्या मळ्यात राहू, सपाटीवर थंडी कमीच असणार.’ या वाक्यात ‘थंड हवेचे ठिकाण’ आणि ‘थंडीचे ठिकाण’ अशा दोन वेगळ्या गोष्टींची नकळत सरमिसळ झालेली असते. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान ही थंड हवेची ठिकाणे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या अमदानीत वसली ती एप्रिल-मेच्या उकाड्यातून सुटका मिळावी म्हणून. त्यांची कीर्ती उन्हाळ्यातली आहे. जानेवारीतल्या पहाटे राज्यातला सर्वांत कडक गारठा कुठे असतो, या प्रश्नाचे उत्तर त्या कीर्तीवरून काढता येत नाही.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे आणि नाशिक जिल्ह्यातले निफाड साडेपाचशे मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी हवा थंड होते, हा शाळेत शिकलेला हिशेब लावला तर महाबळेश्वर निफाडपेक्षा पाच अंशांनी थंड असायला हवे, आणि जानेवारीत दुपारी ते तसे असतेही : महाबळेश्वरला तेवीस-चोवीस अंश असतात तेव्हा नाशिककडे अठ्ठावीस-एकोणतीस असतात. रात्री मात्र हिशेब उलटतो. महाबळेश्वरचे जानेवारीतले किमान तापमान सरासरीने तेरा-चौदा अंशांवर थांबते, नाशिकचे दहाच्या घरात येते आणि निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीच्या लाटेत चार-पाच अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली घसरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

असे होण्याचे कारण समजले तर पुढचे बरेचसे नियोजन आपोआप सुचते. उत्तरेकडून कोरडे वारे येऊन गेल्यावर आकाश निरभ्र होते आणि वारा पडतो, तेव्हा जमीन दिवसभरात साठवलेली उष्णता रात्रभर आकाशाकडे सोडत राहते आणि तिला लागून असलेली हवा गार होत जाते. ही गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट भागात साचते. डोंगरमाथ्यावर गार झालेली हवा दरीत उतरते आणि तिच्या जागी वरची, त्या मानाने उबदार हवा येते. गोदावरी-कादवेच्या काठच्या सपाट शिवारात मात्र ती कुठे जाऊ शकत नाही. आकाशात ढग असले तर ते दुलईसारखे काम करतात आणि तीच रात्र पाच-सहा अंशांनी सुसह्य होते. म्हणून निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहताना नुसत्या किमान तापमानाच्या आकड्यावर थांबू नये. ढग आणि वारा यांच्याविषयी काय म्हटले आहे तेही पाहावे.

आणखी एक बारकावा आहे, जो द्राक्षबागाईतदार न सांगता जाणतात. बातम्यांत येणारे तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापीचे असते. तशा शांत रात्री गवताच्या पात्यापाशी ते त्याहून तीन-चार अंशांनी कमी भरू शकते. पेटीत सहा अंश असताना बागेत मण्यांना तडे जातील या धास्तीने शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबकने पाणी सोडतात. आपले तीन वर्षांचे मूल उंचीने त्या पेटीपेक्षाही बुटके असते, ही गोष्ट मला तरी निफाडचा पहिला मुक्काम होईपर्यंत सुचली नव्हती.

या दोन थंड्या नकाशावर नेहमीच दूर असतात असेही नाही. महाबळेश्वरातच वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर बाजारपेठेपेक्षा खोलगट आहे. गावातल्या तापमापीवर आठ-दहा अंश असताना तलावाकाठी होड्यांवर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून पांढरे झालेले दिसते, ते याच कारणाने. पर्यटक ते पाहायला पहाटे पाचला मुलांना उठवून नेतात. मोठ्यांनी जरूर जावे. अंगावर निजलेले दीड वर्षाचे बाळ नेण्यात काय शहाणपण आहे, ते मला उमगलेले नाही. हिमकण तर बाळाला दिसतही नाहीत.

लहान मुलांच्या दृष्टीने घाटमाथ्याची थंडी म्हणजे प्रामुख्याने वारा. ती पहाटेपुरती नसते. विल्सन पॉइंटला सूर्योदयाच्या वेळी, टेबल लँडच्या पठारावर भर दुपारी आणि कड्याकाठच्या कुठल्याही पॉइंटवर संध्याकाळी, तापमान अठरा-वीस असले तरी बोचरा वारा अंगातली ऊब काढून नेतो. येथे विणलेला जाड स्वेटर फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या टाक्यांतून वारा आरपार जातो. स्वेटर पातळ असला तरी चालेल, पण त्यावर वारा अडवणारे साधे विंडचीटर आणि कान झाकणारी टोपी हवी. दिवसाचा क्रम मात्र फारसा बदलावा लागत नाही, कारण सकाळ आणि दुपार यांत फरक कमी असतो. पसरणी घाटात मुलांना उलट्या होतात तो भाग वेगळा.

शिवारातली थंडी याच्या अगदी उलट, दोन टोकांची आहे. जानेवारीत नाशिककडे सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सर्वांत कमी तापमान पहाटे चारला नव्हे, तर सूर्योदयाच्या आसपास असते. नऊ वाजता ऊन अंगाला बरे वाटते, बाराला तेच मूल घामाघूम होऊन स्वेटर काढून फेकते आणि सहा-सव्वासहाला दिवस मावळला की अर्ध्या तासात हवा पालटते. वीस-बावीस अंशांचा हा झोका हीच तिथली खरी अडचण, कारण दुपारी घामाने ओला झालेला आतला सुती सदरा संध्याकाळी तसाच अंगावर राहिला तर वरचे तीन स्वेटर फुकट जातात. तेथे जाड कपड्यांपेक्षा सुटसुटीत, काढता-घालता येतील असे थर हवेत, आणि उन्हे उतरायला लागली की आतला सदरा बदलण्याची वेळ औषधाच्या वेळेसारखी पाळावी.

ओल सकाळीही गाठते. आमच्या निफाडच्या त्या पहिल्या मुक्कामात चार वर्षांची मुलगी आठ वाजता हरभऱ्याच्या वावरात शिरली. वारा नव्हता, ऊन पडले होते, आम्ही निर्धास्त होतो. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत लेगिंग आणि दोन्ही मोजे पिळण्याइतके ओले, पाय बर्फासारखे, आणि वर पोटऱ्यांना चुरचुर सुटलेली. हरभऱ्याच्या पानांवरचे दव म्हणजे निव्वळ पाणी नसते. त्यात झाडाची आंब उतरलेली असते, आणि ती थंडीने फुटलेल्या कातडीला झोंबते. घरच्या आजींनी काही न बोलता कोमट पाण्याने तिचे पाय धुतले, खोबरेल चोळले आणि तिला चुलीपुढच्या पाटावर बसवले. दव सुकेपर्यंत, म्हणजे साधारण साडेनऊपर्यंत, मुलांना वावरात सोडायचे नसते ही त्या घरातली साधी रीत आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती, आणि आम्हीही विचारली नव्हती.

याच हिशेबाने बाकीचे कार्यक्रमही पुढेमागे करावे लागतात. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, निफाड तालुक्यातच आहे आणि पक्षीनिरीक्षक तिथे फटफटायच्या आत पोहोचतात. पण हिवाळी पाहुणे म्हणून आलेली बदके दिवसभर पाण्यावर असतात, त्यामुळे लहानग्यांना नऊनंतर नेले तरी त्यांचे काही बुडत नाही. नगर-सोलापूरकडे हुरड्याला जाणाऱ्यांनी आगटीचा बेत रात्रीऐवजी सकाळी अकराच्या सुमारास ठेवावा. रात्रीच्या आगटीपाशी मुलांचे तोंड भाजते, पाठ गारठते आणि धूर सगळा त्यांच्याच उंचीवर असतो. अख्खे शेंगदाणे आणि सोलाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण हसता-खेळता ते श्वासनलिकेत जातात.

मुलाला थंडी वाजते आहे की उकडते आहे हे हातापायांवरून ओळखू नये. लहान मुलांचे तळवे बहुधा गारच लागतात. मानेमागे कॉलरच्या आत दोन बोटे घालून पाहावी : तिथे ऊबदार आणि कोरडे असेल तर ठीक, ओलसर असेल तर एक थर काढावा, गार असेल तर चढवावा. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे ते मोठ्या माणसाच्या आधी गारठते. आणि पाठीवर किंवा कडेवर घेतलेले बाळ हालचाल करत नसल्यामुळे चालून ऊब आलेल्या आई-बापाला त्याचा गारठा कळत नाही. किरकिरणारे बाळ एकाएकी मलूल आणि शांत झाले, दूध घेईना, तर ते झोपाळले आहे असे गृहीत धरू नये. आधी त्याला उघड्या अंगाशी धरून ऊब द्यावी आणि दवाखाना गाठावा.

रात्रीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडची थंडी एका जागी येऊन मिळते, आणि तो धोका थंडीचा नसून थंडीवरच्या उपायाचा आहे. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपल्यामुळे माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि धूर दिसत नसल्यामुळे निखारे फुलल्यावर शेगडी ‘सुरक्षित’ झाली असे वाटते. झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर गेलीच पाहिजे. त्याविषयी यजमानाची भीड बाळगू नये. तोच वायू गॅसच्या गिझरमधूनही निघतो. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात आत गिझर बसवलेला असेल तर मुलांना आंघोळीसाठी चुलीवरचे पाणी मागावे, किंवा सरळ बादलीत पाणी भरून, गिझर बंद करून, दार उघडून घ्यावे. एक वर्षाखालच्या बाळावर गोधडी किंवा रजई घालू नये, कारण ती तोंडावर सरकते. त्याला अंगात घालायची झोपेची पिशवी किंवा एक जास्तीचा थर पुरतो. गोधड्या मोठ्यांनी घ्याव्या.

माझे मत विचाराल तर अजून पायावर उभे न राहिलेल्या बाळासाठी मी घाटमाथ्यावरचे, कड्यापासून आत, झाडांच्या आडोशाचे घर निवडेन, कारण तिथल्या रात्री सौम्य असतात आणि वाऱ्यापासून कडेवरच्या बाळाला वाचवता येते. तीन वर्षांवरच्या धावत्या मुलाला मात्र मळाच द्यावा. दुपारचे उघडे ऊन, पाण्याचा पाट आणि बैल यांची बरोबरी कुठलाही पॉइंट करू शकत नाही, आणि पहाटेचे दोन तास अंथरुणात काढणे हे त्या वयात कठीण असले तरी अशक्य नाही.

आरक्षणाचा फोन करताना ‘तिकडे थंडी किती आहे?’ असे विचारले तर ‘लय भारी आहे, या तुम्ही’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी घर उंचवट्यावर आहे की नदीच्या अंगाला, पहाटे अंगणात दव पडते की वारा सुटतो, आणि ऊन अंगणात किती वाजता उतरते, हे तीन प्रश्न विचारावे. आमच्या दुसऱ्या खेपेच्या यजमानांनी तिसऱ्या प्रश्नावर क्षणभर थांबून पलीकडे कुणाला तरी हाक मारून विचारले आणि मग म्हणाले, ‘पूर्वेला चिंच आहे, त्यामुळे साडेआठ होतात. पोरं चुलीपाशी बसतात तोवर.’ आम्ही ते घर घेतले.