तोतयी राजकन्या, पाच गुप्तहेर आणि एक जहाज : १९३६ मधील एका हॉलिवूडपटाची पार्श्वभूमी

मे १९३६ मध्ये पॅरामाउंट या चित्रसंस्थेने 'द प्रिन्सेस कम्स अक्रॉस' हा सुमारे सव्वा तासाचा कृष्णधवल बोलपट प्रदर्शित केला. युरोपातून न्यूयॉर्ककडे निघालेल्या 'मॅमथ' नावाच्या प्रवासी जहाजावर ओल्गा ही स्वीडनची राजकन्या चढते. तिला हॉलिवूडमध्ये नायिका व्हायचे आहे आणि वार्ताहरांचा तिच्याभोवती गराडा पडलेला आहे. प्रत्यक्षात ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली वांडा नॅश नावाची, आजवर कोणी विचारले नाही अशी नटी असते. त्याच जहाजावर किंग मँटेल हा कॉन्सर्टिना वाजवणारा वाद्यवृंदप्रमुख असतो, आणि त्याचे 'राजेपण' केवळ नावापुरतेच असते. ओल्गाचे खरे नाव ठाऊक असलेला आणि ते फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळू पाहणारा एक प्रवासी तिच्याच केबिनमध्ये मृतावस्थेत सापडतो, तुरुंगातून पळालेला एक गुन्हेगार जहाजावर लपला असल्याची बातमी पसरते, आणि पोलीस परिषदेला निघालेले पाच देशांचे पाच गुप्तहेर योगायोगाने प्रवाशांमध्येच असतात. खुनी कोण, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

चित्रपटाच्या इतिहासात या बोलपटाची नोंद बहुधा कॅरोल लोम्बार्ड आणि फ्रेड मॅकमरी या जोडीचा एक हलकाफुलका रहस्यपट एवढीच होते. माझ्या मते ती अपुरी आहे. राजकन्येचे सोंग, जहाजावरचा पाठलाग आणि देशोदेशीच्या पोलिसांचा मेळावा हे कथेचे तिन्ही धागे तेव्हाच्या प्रेक्षकाने गेल्या पंचवीस वर्षांच्या वर्तमानपत्रांत वाचलेले होते. आणि वांडा नॅशने एकटीने जे केले, तेच हॉलिवूडचे प्रसिद्धी विभाग पगार घेऊन दररोज करत होते.

या उद्योगाचा आरंभ मूकपटांच्या काळात शोधावा लागतो. १९१५ मध्ये 'अ फूल देअर वॉज' या चित्रपटामुळे प्रसिद्धीस आलेली थेडा बारा ही नटी अरब शेखाची आणि फ्रेंच स्त्रीची कन्या असून सहाराच्या वाळवंटात जन्मली आहे, असे फॉक्स कंपनीने जाहीर केले होते. तिचे खरे नाव थिओडोसिया गुडमन होते आणि जन्म ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात झाला होता. वाचकांनी ही कहाणी कितपत खरी मानली यापेक्षा ती छापण्यात वर्तमानपत्रांनाही रस होता, हे अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने सरदारक्या आणि किताब देण्यास बंदी घातलेली असताना त्याच देशाच्या मनोरंजनसृष्टीला किताबांची एवढी ओढ असावी, हा विरोधाभास पुढील दोन दशके कमी झाला नाही.

पुढच्या दशकात युरोपातून खऱ्याखुऱ्या नट्या आल्या. पोला नेग्री १९२२ मध्ये आली, तर ग्रेटा गार्बो जुलै १९२५ मध्ये दिग्दर्शक मॉरिट्झ स्टिलर यांच्यासह जहाजाने न्यूयॉर्कला उतरली. अमेरिकी नट्यांनी मग विवाहाच्या मार्गाने किताब मिळवले. ग्लोरिया स्वॉन्सनने जानेवारी १९२५ मध्ये फ्रान्समध्ये एका मार्क्विसशी लग्न केले आणि तिच्या स्वागताला अमेरिकेत अफाट गर्दी लोटली. जॉर्जियातून परागंदा झालेल्या मदिवानी घराण्यातील डेव्हिडने १९२६ मध्ये मे मरेशी आणि त्याचा भाऊ सर्गे याने १९२७ मध्ये पोला नेग्रीशी लग्न केले. हे भाऊ स्वतःला राजपुत्र म्हणवत. त्यांच्या वडिलांनी सैन्यात मोठे पद भूषवले होते, मात्र मुलांच्या राजपुत्रपणाला आधार कोणता, याचे समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही. तरीही लग्नपत्रिकांवर, करारांवर आणि मथळ्यांत 'प्रिन्स' हा शब्द टिकून राहिला.

या गोंधळाच्या मुळाशी १९१७ ची रशियन राज्यक्रांती होती. झारशाही कोसळल्यावर हजारो सरदार, सेनाधिकारी आणि दरबारी माणसे देशोधडीला लागली. पॅरिसमध्ये ती टॅक्सी चालवत, तर हॉलिवूडमध्ये गर्दीच्या दृश्यांत उभी राहत. झारच्या सेनापतीवर दिवसाकाठी काही डॉलरसाठी सेनापतीचीच भूमिका करण्याची पाळी येते, ही योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'द लास्ट कमांड' या १९२८ च्या चित्रपटाची कथा अशाच एका परागंदा अधिकाऱ्यावरून सुचली होती, आणि त्या भूमिकेचा समावेश असलेल्या कामगिरीसाठी एमिल यानिंग्ज यांना अभिनेत्याचे पहिले ऑस्कर मिळाले. खऱ्यांची कागदपत्रे मागे राहिली असल्याने खोट्यांना जागा झाली. हॅरी गेरगुसन हा लिथुआनियात जन्मलेला, अनाथाश्रमांत वाढलेला मनुष्य स्वतःला झारच्या घराण्यातला प्रिन्स मायकेल रोमानॉफ म्हणवू लागला. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर तो विनातिकीट लपून प्रवास करी आणि पकडला गेला तरी उच्चभ्रूंच्या भोजनसमारंभांत पुन्हा दिसे. १९३२ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्याच्यावर अनेक भागांची लेखमाला आली. म्हणजे वांडा नॅश पडद्यावर येण्याच्या चार वर्षे आधी, जहाजावरचा तोतया राजपुत्र हे पात्र अमेरिकी वाचकाच्या चांगलेच ओळखीचे झाले होते.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुण्याला हादरा देणाऱ्या सुखनिधानाची गोष्ट आपल्याला माहीत असल्याने 'तोतया' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. तो तोतया सत्तेसाठी उभा राहिला होता, तर हॉलिवूडच्या तोतयाला हवा होता तो कंपनीचा करार; दोन्हींचा तोल मात्र पाहणाऱ्यांच्या विश्वास ठेवण्याच्या इच्छेवरच सांभाळला जात होता.

ओल्गा स्वीडनचीच का, याचे उत्तर गार्बो हेच आहे. १९३३ मध्ये तिने स्वीडनच्या क्रिस्तिना राणीची भूमिका केली होती. मितभाषी, खर्जातला आवाज, अर्धवट मिटलेले डोळे आणि एकान्ताची हौस ही तिची प्रतिमा एवढी पक्की झाली होती की लोम्बार्डने तिची उघड नक्कल करताच प्रेक्षकाला खूण पटे. स्वीडिश राजघराणेही त्या सुमारास बातम्यांत होते: मे १९३५ मध्ये राजकन्या इंग्रिडचा डेन्मार्कच्या युवराजाशी स्टॉकहोममध्ये विवाह झाला, आणि ऑगस्टमध्ये बेल्जियमची राणी झालेली राजकन्या अ‍ॅस्ट्रिड स्वित्झर्लंडमधील मोटार अपघातात मरण पावली.

येथे बोलपटाच्या तंत्राचा मोठा भाग आहे. मूकपटात परदेशीपणा कपड्यांनी आणि शीर्षकपाट्यांनी उभा राहत असे. ध्वनी आल्यावर उच्चार हीच ओळखीची खूण ठरली, अनेक युरोपीय नट्यांची कारकीर्द त्यामुळे संपली, आणि गार्बो १९३० मध्ये 'अ‍ॅना ख्रिस्टी'त प्रथम बोलली, तेव्हा ती बोलते एवढीच जाहिरात पुरेशी झाली. लोम्बार्डच्या भूमिकेची सारी गंमत याच खुणेवर उभी आहे. चारचौघांत ती तुटक, खोल, जड स्वरात बोलते, आणि दार बंद झाले की तिच्या तोंडून ब्रुकलिनची अघळपघळ बोली बाहेर पडते. मूकपटाच्या काळात ही कथा सांगता आली असती, पण तिचा जीव गेला असता. लोम्बार्ड स्वतः इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनची, आणि तिचे जन्मनाव जेन अ‍ॅलिस पीटर्स होते. पडद्यावरचे नाव धारण केलेल्या नटीने नाव बदललेल्या नटीची भूमिका करावी, यातला अर्थ मला किरकोळ वाटत नाही.

आता जहाजाकडे वळू. समुद्रावर असताना जहाज हे कुलूप लावलेल्या घरासारखे असते, म्हणून रहस्यकथेला ते मानवते, हे खरेच. परंतु जहाज, वेशांतर आणि गुप्तहेर यांची सांगड लोकांच्या मनात पक्की केली ती १९१० च्या क्रिपेन प्रकरणाने. लंडनमध्ये पत्नीच्या खुनाचा संशय असलेला डॉ. हॉली क्रिपेन हा एथेल ल नीव्ह या प्रेयसीला मुलाचा वेश देऊन, तिला आपला मुलगा म्हणवत 'माँट्रोज' जहाजाने कॅनडाला निघाला. कप्तान हेन्री केंडॉल यांना संशय आला आणि त्यांनी बिनतारी यंत्रावरून इंग्लंडला संदेश पाठवला. स्कॉटलंड यार्डचे इन्स्पेक्टर वॉल्टर ड्यू अधिक वेगवान 'लॉरेंटिक' जहाजाने पुढे गेले आणि ३१ जुलै रोजी त्यांनी सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी क्रिपेनला त्याच्या जहाजावरच अटक केली. आपला पाठलाग होतो आहे हे क्रिपेनला ठाऊक नव्हते, मात्र वर्तमानपत्रांमुळे ते बाकी जगाला दररोज कळत होते. पळालेल्या गुन्हेगाराची बातमी जहाजावर बिनतारी संदेशाने येते आणि प्रत्येक प्रवासी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो, हा प्रसंग पुढे असंख्य कथांत आला. तो या बोलपटातही आहे.

शिवाय जहाजांवर लोकांचे लक्ष खिळण्याचे ताजे कारणही होते. मे १९३५ मध्ये फ्रान्सचे 'नॉर्मंडी' पहिल्या सफरीवर निघाले, तर २७ मे १९३६ रोजी ब्रिटनच्या 'क्वीन मेरी'ने साउथम्प्टन सोडले आणि १ जून रोजी ते न्यूयॉर्कला पोहोचले. अटलांटिक सर्वांत कमी वेळात कोण ओलांडतो, याची चुरस खेळांच्या बातम्यांसारखी वाचली जात होती. धक्क्याला लागणाऱ्या जहाजावर वार्ताहर चढत, कठड्याला टेकलेल्या नट्यांची छायाचित्रे घेत, आणि युरोपातून आलेल्या व्यक्तीची अमेरिकेतली प्रतिमा तेथेच ठरत असे. म्हणून वांडाला राजकन्या व्हायचे होते ते समुद्रावरच.

पाच गुप्तहेरांची परिषदही केवळ लेखकाची सोय नव्हे. गुन्हेगार रेल्वेने आणि जहाजाने सीमा ओलांडू लागल्यावर पोलिसांना परस्परांशी बोलणे भाग पडले. १९१४ मध्ये मोनॅको येथे चोवीस देशांचे प्रतिनिधी या प्रश्नासाठी जमले. महायुद्धामुळे ते काम थांबले आणि १९२३ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय फौजदारी पोलीस आयोग स्थापन झाला, ज्याला आज आपण इंटरपोल म्हणतो. पडद्यावरच्या त्या पाचांची नटनिवड मला फार बोलकी वाटते. रशियन मोरेविच झालेले मिशा आवर हे सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेले आणि क्रांतीनंतर अमेरिकेत आलेले होते, जर्मन स्टाइनडॉर्फ झालेले सिग रूमान हॅम्बुर्गचे, आणि जपानी कवाती झालेले तेत्सु कोमाई जपानातच जन्मलेले. इंग्रज क्रॅगची भूमिका आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लम्सडेन हेअर यांनी, तर फ्रेंच लोरेलची कॅनडाच्या डग्लस डम्ब्रिल यांनी केली. त्याच वर्षांत चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या लोकप्रिय भूमिका वॉर्नर ओलंड हे स्वीडनमध्ये जन्मलेले नट करत होते, हे लक्षात घेतले म्हणजे खोट्या स्वीडिश राजकन्येभोवती तीन खरे परदेशी उभे करण्याची निवड अधिक उठून दिसते.

कथेचा मूळ आधार लुई ल्युसियँ रॉजर या टोपणनावाने लिहिलेली एक हंगेरियन कादंबरी होती. तिच्या नावाचा अर्थ 'मृत्यूची केबिन' असा होतो. इंग्रज रहस्यकथाकार फिलिप मॅकडॉनल्ड यांनी चित्रपटासाठी कथेची मांडणी केली आणि वॉल्टर डिलिऑन, फ्रान्सिस मार्टिन, डॉन हार्टमन व फ्रँक बटलर यांनी पटकथा लिहिली. गंभीर खूनकथेचे विनोदी रूप होण्यामागे १९३४ हे वर्ष आहे. त्या वर्षी 'द थिन मॅन'ने खुनाचा तपास आणि खट्याळ दांपत्यसंवाद एकत्र नांदू शकतात हे दाखवले, 'ट्वेंटिएथ सेंच्युरी'ने लोम्बार्डला विनोदी नटी म्हणून सिद्ध केले, आणि जुलैपासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने चित्रपटसंहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याबाबत चित्रउद्योगाने स्वतःच घालून घेतलेल्या नियमांची, कडक अंमलबजावणी सुरू केली. गुन्ह्याला सहानुभूती दाखवण्यास आणि शृंगाराच्या मोकळ्या चित्रणास आळा बसल्याने लेखकांनी आकर्षणाचे रूपांतर भांडणात आणि कोट्यांत केले. लबाडी करणारी नायिका अशा वातावरणात प्रेक्षकाला प्रिय ठेवायची, तर तिच्या लबाडीचा बळी कोणी गरीब नसून प्रसिद्धीला भुललेला उद्योगच असावा लागतो, आणि पटकथेने ती काळजी घेतलेली दिसते.

नायकाच्या भूमिकेसाठी आधी जॉर्ज राफ्ट ठरले होते. छायालेखक टेड टेट्झलाफ लोम्बार्डकडेच अधिक लक्ष देतात, या तक्रारीवरून त्यांनी काम सोडले आणि मॅकमरी आले. पूर्वी वाद्यवृंदांत सॅक्सोफोन वाजवलेल्या मॅकमरींना वादकाची भूमिका सहज साधली. दिग्दर्शन विल्यम के. हॉवर्ड यांचे होते.

तोतया राजकन्येची कथा पॅरामाउंटला नवीन नव्हती. पॅरामाउंटची पूर्वज असलेल्या फेमस प्लेअर्स कंपनीने १९१३ मध्येच राजाच्या हुबेहूब प्रतिरूपाची 'द प्रिझनर ऑफ झेंडा' ही कथा पडद्यावर आणली होती, आणि १९३४ च्या 'थर्टी डे प्रिन्सेस'मध्ये सिल्विया सिडनीने राजकन्येच्या जागी उभ्या केलेल्या नटीचे काम केले होते. फरक एवढाच की त्या कथांत सोंग दुसऱ्या कोणाच्या विनंतीवरून घेतले जाते. वांडा ते स्वतःच्या पोटासाठी घेते.

पडद्याबाहेर मायकेल रोमानॉफ यांनी बेव्हर्ली हिल्समध्ये स्वतःच्या नावाचे उपाहारगृह काढले. ते १९६२ पर्यंत चालले, आणि मालक राजपुत्र नाही हे पक्के ठाऊक असलेले चित्रतारे तेथे आवडीने जेवत.

सर्वांचे सोंग असे हसत खपले नाही. हा बोलपट झळकला त्याच वर्षी 'द डार्क एंजल'मधील भूमिकेसाठी ऑस्करच्या नामांकनयादीत मर्ल ओबेरॉन हिचे नाव होते. टास्मानियात जन्मलेली गोरी मुलगी, अशी तिची ओळख प्रसिद्धी विभागाने करून दिली होती. तिचा जन्म १९११ मध्ये मुंबईत, अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला होता आणि बालपण मुंबईत व कलकत्त्यात हलाखीत गेले होते. वंशभेदाचे नियम पाळणाऱ्या त्या उद्योगात हे उघड झाले असते तर नायिकेच्या भूमिका तिला मिळाल्या नसत्या, म्हणून तिने ते आयुष्यभर सांभाळले. १९७८ मध्ये टास्मानियाच्या होबार्ट शहराने आपली कन्या म्हणून तिचा नागरी सत्कार केला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली, आणि मुंबईच्या जन्माची गोष्ट त्यानंतरच चरित्रकारांनी छापली.