क्लच धरत नाही की सोडत नाही?

जुनी छोटी पिकअप वापरणाऱ्या कुणी "क्लच गेला" असं सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. धरत नाही, की सोडत नाही? पुष्कळांना हा प्रश्न उगाच फाटे फोडल्यासारखा वाटतो. तोवर गिअरबॉक्स उतरवायचं ठरलेलं असतं, क्लच प्लेटचा नवा सेटही आणून ठेवलेला असतो. अख्खा दिवस मोडून सगळं बसवलं जातं, गाडी चालू होते आणि पहिला गिअर टाकताना तीच जुनी खरखर पुन्हा ऐकू येते. बिघाड प्लेटमध्ये नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हे पाहून मी कंटाळलो आहे, कारण गाडीखाली हातही न घालता हा फरक कळतो.

धरत नाही, म्हणजे क्लच घसरतो. हे दुखणं बहुतेकांना ओळखू येतं, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. माल भरलाय, चढ लागलाय, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, इंजिन ओरडतं आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहतो. जळकट वास येतो. क्लच अगदी वर, पाय जवळजवळ पूर्ण उचलल्यावर लागतो. खात्री करायची तर मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम एकदम चढले आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलीत तर उरलीसुरली प्लेटही जळेल. कारण बहुधा झिजलेली प्लेट असतं, किंवा इंजिनच्या मागच्या सीलमधून प्लेटवर आलेलं तेल. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यात वाद नाही.

सोडत नाही, ही गोष्ट बरोबर उलटी आहे आणि सगळा घोळ इथेच होतो. इथे प्लेट ठणठणीत असते. ती फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, इतकी व्यवस्थित धरून असते की पेडल दाबलं तरी सुटत नाही. इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, पडलाच तर खरखरतो, रिव्हर्स टाकताना सगळ्यात जास्त. सिग्नलला पेडल पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये थांबलात तरी गाडी पुढे सरकायला बघते. क्लच अगदी खाली, फ्लोअरला टेकता टेकता लागतो. अशा गाडीला नवी प्लेट घालणं म्हणजे जी गोष्ट घट्ट धरते आहे तिला अजून घट्ट धरायला लावणं.

सुटण्यासाठी किती जागा लागते ते आधी लक्षात घ्या. प्लेट मोकळी व्हायला तिच्या दोन्ही बाजूंना मिळून फार तर मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट पडावी लागते. ही एवढीशी फट पाडण्यासाठी पायापासून प्रेशर प्लेटपर्यंत एक लांब साखळी काम करत असते. पेडल, त्याची पिन, पेडलच्या जोराने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर, पाइप, रबरी होज, त्या तेलाच्या दाबाने सरकणारा स्लेव्ह सिलिंडर, तो ढकलतो तो फोर्क, रिलीज बेअरिंग आणि क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. साखळीतल्या प्रत्येक कडीने थोडी थोडी हालचाल खाल्ली की शेवटी त्या फटीला काही उरतच नाही. पंचवीस-तीस वर्षं चाललेल्या पिकअपमध्ये प्रत्येक कडी थोडी थोडी खातेच. मग प्लेटचा काय दोष?

त्यात भर म्हणून गिअरबॉक्सचा संशय. गिअर खरखरला की अर्धे लोक "सिंक्रोनायझर गेला" म्हणतात, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग. हा संशय दूर करायला दोन मिनिटं पुरतात. इंजिन बंद करा आणि सगळे गिअर एकेक टाकून बघा. बंद इंजिनावर सगळे लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर हटून बसतात, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे, क्लच सोडत नाहीये. इंजिन बंद असतानाही गिअरचा दांडा अडत असेल किंवा हातात लुळा फिरत असेल, तर गिअर लिव्हरखालचं बुश बघा. जुन्या पिकअपमध्ये ते झिजून नाहीसं झालेलं असतं आणि बदलणं हे किरकोळ काम आहे. एकच गिअर, बहुधा दुसरा, तोही चालत्या गाडीत घाईने बदलतानाच खरखरत असेल आणि बाकीचे गुपचूप पडत असतील, तेव्हाच सिंक्रोनायझरचं नाव घ्यायचं. त्यातही आधी गिअर ऑइल कोणतं भरलंय ते विचारा. अनेक जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं, आणि दुकानदाराने "हे वरच्या दर्जाचं" म्हणून जीएल-५ दिलेलं असतं. त्यातले घटक सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगला पकड घेऊ देत नाहीत. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच भरायचं.

रिव्हर्सची चाचणी मला सगळ्यात विश्वासाची वाटते, पण ती नीट करायला हवी. गाडी उभी, इंजिन आयडलवर, न्यूट्रल. पेडल फ्लोअरपर्यंत दाबा आणि लगेच गिअर टाकू नका, शांतपणे दहापर्यंत मोजा. मग रिव्हर्स टाका. पुष्कळ जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे घाई केलीत तर चांगल्या क्लचचाही गिअर खरखरेल आणि तुम्ही उगाच घाबराल. दहा मोजल्यावर फिरणारी प्लेट थांबलेली असायला हवी. तरीही खरखर झाली, तर प्लेट अजून इंजिनाबरोबर फिरतेय, म्हणजे सुटलेली नाही.

आता गाडीखाली. बहुतेक जुन्या छोट्या पिकअपमध्ये स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर, बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, कडेला दोन बोल्टवर बसवलेला असतो आणि त्याचा दांडा फोर्कला ढकलताना दिसतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगडांची उटी लावलेली. कुणाला तरी पेडल सावकाश पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही टॉर्च धरून फक्त त्या दांड्याकडे बघा. बोटं लांब ठेवा. दांडा किती सरकला? बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर सरकायला हवा, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. पट्टी लावून मोजा, "बराच हलतो" हे माप नव्हे. मग स्लेव्हच्या तोंडावरचं रबरी बूट स्क्रूड्रायव्हरने हलकेच मागे सारा. आत कोरडं असलं तर ठीक. काळं, पातळ तेल ओघळून मनगटावर आलं, तर सील गेलेली आहे आणि तुमचं निदान तिथेच संपलं.

एवढ्या एका निरीक्षणावरून पुढचा सगळा मार्ग ठरतो. दांडा कमी सरकत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेर आहे आणि गिअरबॉक्स उतरवायचं काहीएक कारण नाही. दांडा पूर्ण सरकतो तरी क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे. ही चाचणी न करता पाने काढणाऱ्या मेकॅनिकवर माझा विश्वास बसत नाही.

दांडा कमी सरकतोय असं धरून पुढे जाऊ, कारण जास्त करून तेच निघतं. पेडल भराभर चार-पाच वेळा दाबा. पंप केल्यावर क्लच वर येऊन गिअर पडायला लागला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरची सील थकली आहे. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून एक बुडबुडासुद्धा तुमच्या पायाची हालचाल गिळतो. पंप करून क्लच सुटला, पण पेडल दाबून धरल्यावर काही सेकंदांत गाडी पुन्हा सरकायला लागली, आणि बाहेर कुठेही ओल नाही, मास्टरवरच्या डबीतलं तेलही कमी होत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर तेल मागे सोडतंय. हा बिघाड सगळ्यात जास्त फसवतो, कारण गळती दिसत नाही म्हणून माणूस हायड्रॉलिकचा, म्हणजे या तेलाच्या लाइनचा, विचारच सोडून देतो आणि थेट प्लेटकडे वळतो. मास्टर बाहेर गळत असेल तर खूण केबिनमध्ये सापडते. पेडलच्या वर, पुशरॉड जिथे आत जातो तिथे हात फिरवा. चिकट ओल लागेल, खालच्या मॅटजवळ रंग फुगून सुटलेला दिसेल, कारण क्लचच्या लाइनमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं.

पंप करून काहीच फरक पडत नसेल तर तेलाच्या पलीकडे बघा. पेडलची पिन आणि तिचं भोक लंबगोल झालंय का? पेडल ब्रॅकेट तडकलाय का? मास्टर सिलिंडर ज्या पत्र्यावर बसवलेला असतो तो पत्रा जुन्या पिकअपमध्ये वर्षानुवर्षं वाकून बोल्टांच्या भोवती चिरतो. बॉनेट उघडून मास्टरकडे बघत दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. अख्खा सिलिंडर पुढे डोलताना दिसला, तर पायाचा जोर पत्रा वाकवण्यात जातोय. इथे नवे सिलिंडर घालून उपयोग नाही, पत्र्याला लोखंडी पट्टी जोडून वेल्डिंग करावं लागतं. रबरी होजही असाच चोर आहे. पेडल दाबताना तिला बोटांनी धरा. फुगताना जाणवली तर बदला.

हवा काढताना एक गोष्ट हमखास चुकते. स्लेव्हचं ब्लीड निपल सगळ्यात वर असायला हवं. सिलिंडर उलटा बसला आणि निपल खाली आलं, तर हवा वर अडकून बसते आणि तुम्ही बाटलीभर तेल वाया घालवून म्हणता की नवा पार्टच खराब निघाला.

माझं ठाम मत आहे की मास्टर आणि स्लेव्ह जोडीने बदलावेत. दोघांचं वय एकच असतं. खालचा नवा घातला की पूर्ण दाब परत येतो आणि वरचा थकलेला थोड्याच दिवसांत गळायला लागतो. तेल मॅन्युअलमध्ये दिलेलंच, जुन्या गाड्यांत बहुधा डॉट ३, तेही सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. उघडा राहिलेला अर्धा डबा पुढच्या खेपेसाठी जपून ठेवू नका. इंजिन ऑइलचा थेंबही त्या डबीत जाऊ देऊ नका, रबरं फुगून सगळी लाइन निकामी होते. आणि डबी रिकामी होतेय म्हणून दर आठवड्याला टॉपअप करत राहण्याची सवय तर मला अजिबात सहन होत नाही. ब्रेक ऑइल वापरात जळून कमी होत नाही. कमी झालं तर ते कुठेतरी बाहेर पडलेलं आहे, ते शोधा.

दांडा पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याला माझी हरकत नाही. वाकलेला किंवा चिरलेला फोर्क, तुटलेली प्रेशर प्लेट, वाकडी झालेली क्लच प्लेट, गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टवर गंजून अडकलेली प्लेट, किंवा त्या शाफ्टचं इंजिनाकडचं टोक धरणारं, जाम झालेलं पायलट बेअरिंग. हे शेवटचं विसरू नका. प्लेट सुटली तरी जाम पायलट बेअरिंग शाफ्टला इंजिनाबरोबर फिरवत ठेवतं आणि लक्षण हुबेहूब तेच दिसतं. एवढं उघडलंच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनचं मागचं सील, सगळं एकदम बदला. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केससकट एवढं वजन दुसऱ्यांदा उतरवायची वेळ स्वतःवर आणू नका. बरेच महिने उभी राहिलेली गाडी असेल तर मात्र थांबा. तिची प्लेट नुसती गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. इंजिन नीट तापवून, मोकळ्या मैदानात, पुढे कुणी नाही हे बघून, पेडल दाबून पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर आणि ब्रेकचे हलके झटके दिले की ती बरेचदा सुटते.

हायड्रॉलिकमुळे क्लच घसरतोही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मास्टरच्या पुशरॉडला मोकळी चाल उरली नाही, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि डबीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. तेल तापून फुगतं, परत जायला वाट नसते, आणि पाय काढलेला असतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. सकाळी थंड गाडी छान धरते आणि तासाभराने चढावर घसरायला लागते, ही त्याची ओळख. घसरत असताना गाडी बाजूला घ्या, गॉगल घाला आणि स्लेव्हचं निपल किंचित सैल करा. दाबाने तेल उडालं आणि निपल घट्ट केल्यावर क्लच धरायला लागला, तर प्लेटला हात लावू नका. पुशरॉडची चाल मॅन्युअलप्रमाणे लावा. आतून सुजलेली जुनी होजही तेल परत येऊ देत नाही आणि असंच करते.

आवाजांबद्दल थोडक्यात. पेडल दाबल्यावर येणारी घरघर रिलीज बेअरिंगची. न्यूट्रलमध्ये पाय सोडल्यावर येणारी आणि दाबल्यावर थांबणारी गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगची. यांचा सोडण्या-धरण्याशी थेट संबंध नाही, तेव्हा आवाज आहे म्हणून क्लच गेला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

राहिला एक अपवाद. काही पिकअपमध्ये, उदाहरणार्थ १९९० च्या दशकातल्या फोर्ड रेंजरमध्ये, स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. तिथे दांडा दिसत नाही आणि स्लेव्ह गळला तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तरीसुद्धा आधी वरचा मास्टर, त्याचा पत्रा आणि पेडलची पिन तपासा, मग बेल हाउसिंगच्या तळाशी बोट फिरवून वास घ्या. ओल ब्रेक ऑइलची असेल तर आतला स्लेव्ह गेला. इंजिन किंवा गिअर ऑइलची असेल तर सील गळतंय आणि तुमचा क्लच लवकरच सोडण्याऐवजी धरेनासा होणार आहे.