सुरांत लिहिलेला निरोप की कागदात लपवलेला? आधी हे ठरवा

गाण्याच्या नोटेशनमध्ये (स्वर लिहून ठेवलेल्या कागदात) गुप्त निरोप दडलाय म्हटलं की बहुतेकजण लगेच सा म्हणजे क, रे म्हणजे ख असं मांडायला बसतात आणि तिथंच घोळ होतोय, कारण यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागतच नाही. पहिल्यात स्वर हेच अक्षर असतंय, चाल वाजवली की निरोपच वाजतोय. दुसऱ्यात चाल साधीसुधी खरीखुरी असते, निरोप शाईत नाहीतर मोकळ्या जागेत असतोय.

ओळखायला एक परीक्षा पुरते. ते पान दुसऱ्या वहीत स्वतःच्या हातानं उतरवून काढा. निरोप उतरला तर तो सुरांत होता, नाही उतरला तर कागदात.

पहिल्या प्रकारातलं गाजलेलं उदाहरण जर्मन संगीतकार बाखचं. जर्मन पद्धतीत शुद्ध नीला एच म्हणतात आणि बी म्हणजे कोमल नी (सी ला सा धरून सांगतोय), म्हणून बी-ए-सी-एच हे आडनाव आपल्या पेटीवर कोमल नी, ध, तार सा, शुद्ध नी असं वाजतंय, 'आर्ट ऑफ फ्यूग'च्या शेवटच्या अपुऱ्या राहिलेल्या फ्यूगमध्ये (एकच चाल आळीपाळीनं वेगवेगळ्या आवाजांत येणारी रचना) बाखनं ते घातलंय. रशियन संगीतकार शोस्ताकोविचनं १९५३ च्या दहाव्या सिंफनीत रे, कोमल ग, सा, नी अशी आपली सही केली (जर्मन पद्धतीनं डी-एस-सी-एच, म्हणजे डी. शोस्ताकोविच). पण एवढ्या अक्षरांत फार तर नाव बसतंय, वाक्य लिहायचं तर तक्ता लागतोच.

आणि मराठीचा तक्ता फार छान बसतोय बघा. बारा स्वर गुणिले मंद्र (खालचं), मध्य, तार (वरचं) ही तीन सप्तकं म्हणजे ३६, आणि क पासून ज्ञ पर्यंत व्यंजनंही ३६! क म्हणजे मंद्र सा, ख मंद्र कोमल रे, ग मंद्र रे असं ओळीनं लावत जायचं. वर बाराखडीच्या बारा खुणांना मध्य सप्तकाचे बारा स्वर, तसेच ओळीनं. म्हणजे एका अक्षराला दोन स्वर, आधी व्यंजन मग काना-मात्रा. 'बेळगाव' लिहून बघा (सप्तक सांगितलं नाही तो स्वर मध्य सप्तकातला): बे म्हणजे कोमल नी, तीव्र म. ळ म्हणजे तार ध, सा. गा म्हणजे मंद्र रे, कोमल रे. व म्हणजे तार ग, सा. आता हे वाजवा. मंद्रातनं एकदम तारेत उड्या, दोन्ही रे एकापाठोपाठ, कुठल्याच रागात न बसणारं. आपल्या बेळगाव भागात कान तयार असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, कुमार गंधर्वांचा जन्म सुळेभावीचाच, अशा ठिकाणी टिळकवाडीतल्या कुठल्याही बैठकीत हे वाजवलं तर दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी विचारणार, "कुठला राग वाजवायलायस रे?" म्हणजे पहिल्या प्रकारातला निरोप कानाला लगेच खटकतोय, आणि फोडायची सुरुवात तिथनंच करायची. दर दुसरा स्वर मध्य सप्तक सोडतच नाही आणि त्या जागी सा सारखा सारखा येतोय, कारण मराठीत अकारान्त अक्षरं भरपूर. एवढं दिसलं की तक्ता अर्धा हातात आला.

दुसऱ्या प्रकारात कान काही कामाचा नाही. जोसेफिन बेकर ही पॅरिस गाजवलेली गायिका दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच गुप्तचरांसाठी माहिती न्यायची, गाण्यांच्या नोटेशनच्या कागदांवर अदृश्य शाईनं लिहिलेली. ते कागद कोणी वाजवले असते तर गाणंच ऐकू आलं असतं, आणि एवढ्या मोठ्या स्टारच्या सामानात नोटेशन असणार यात नवल ते काय.

भातखंडे पद्धतीच्या (आपल्याकडं बंदिशी लिहायची नेहमीची पद्धत) पानावर असं काही शोधायचं असेल तर स्वरांवरची-खालची टिंबं आणि स्वरांखालच्या आडव्या रेघा आधी सोडून द्या. टिंब वर-खाली गेलं की सप्तक बदलतंय, खालची रेघ गेली की कोमलचा शुद्ध होतोय, तिथं लपवायला गेलं तर चालच बिघडणार आणि गाणाऱ्याच्या लगेच लक्षात येणार. जे गाण्यात बदल करत नाही तिथं बघायचं: स्वर लांबवायची आडवी खूण कुठं लांब कुठं आखूड आहे का (मोर्स, म्हणजे तारेची लांब-आखूड खुणांची लिपी, बसवायला एवढं पुरतंय), विभागाच्या दांड्यांमधलं अंतर, मधेच बदललेली शाई. म्हणून खानापूर-निपाणीकडच्या कोणा नातेवाइकांकडं जुनी बंदिशींची वही असली तर व्हॉट्सॅपवरच्या फोटोवर भागवू नका, मूळ वही मागा. पहिल्या प्रकाराला मात्र फोटोच काय, फोनवर स्वर सांगितले तरी चालतात.

दोन्ही प्रकार एकत्रही येतात. ऑस्ट्रियन संगीतकार आल्बान बर्गच्या १९२६ च्या 'लिरिक सूट'मध्ये ध, कोमल नी, शुद्ध नी, म हे चार स्वर परत परत येतात, जर्मन पद्धतीनं ए-बी आणि एच-एफ, म्हणजे तो स्वतः आणि हाना फुक्स, जिच्यावर त्याचं गुपचूप प्रेम होतं. स्वर छापील प्रतीत सगळ्यांसमोर होते, पण बर्गनं रंगीत शाईनं खुणा करून हानाला दिलेली एकच प्रत होती, आणि संगीताचा अभ्यासक जॉर्ज पर्लनं ती १९७७ मध्ये उजेडात आणेपर्यंत जगाला पूर्ण उलगडा झाला नव्हता.