सोने वाहणारी क्रूझर : 'एमिल बेर्तँ'

युद्धनौकेचा आराखडा म्हणजे वजनाचा हिशेब असतो. तोफा, कवच, इंजिने आणि इंधन यांपैकी एकाला झुकते माप दिले, की दुसऱ्याच्या वाट्यात कपात करावी लागते. १९३३ मध्ये जलावतरण झालेल्या 'एमिल बेर्तँ' या फ्रेंच हलक्या क्रूझरच्या बाबतीत हे झुकते माप वेगाला मिळाले होते. शत्रूच्या किनाऱ्याजवळ झपाट्याने जायचे, समुद्रात सुरुंग पेरायचे आणि तितक्याच झपाट्याने परतायचे, हे तिचे मूळ काम. त्यामुळे सुमारे १७७ मीटर लांबीच्या या नौकेचे प्रमाण वजन (इंधन वगळता सज्ज नौकेचे वजन) सहा हजार टनांच्याही आत ठेवले होते आणि तिला कवच जवळजवळ नव्हतेच.

तिच्या लांबीलाही कारण होते. चालत्या जहाजाच्या नाळेजवळ लाट उठते आणि वेग वाढतो तशी त्या लाटेची लांबी वाढत जाते. ती जहाजाच्या लांबीइतकी झाली, की जहाजाला जणू स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. त्यापुढे वेगात थोडीशी भर घालायची, तरी शक्ती बेसुमार खर्च होते. १७७ मीटर लांबीला ही अवस्था ताशी ६० किलोमीटरच्या, म्हणजे ३२ नॉटच्या आसपास येते. सडपातळ बांधणी आणि एक लाखाहून अधिक अश्वशक्तीची टर्बाइने यांच्या बळावर 'एमिल बेर्तँ'ने चाचण्यांमध्ये ३९ नॉट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर ओलांडले.

हलकेपणाची किंमत मात्र मोजावी लागली. १५२ मिलिमीटरच्या नऊ तोफा प्रत्येकी तीन तोफांच्या तीन फिरत्या बुरुजांत बसवलेल्या होत्या. भर वेगात त्या एकदम डागल्या तर धक्का सांगाड्याला पेलेना, म्हणून बुरुजांभोवतालची बांधणी पुढे मजबूत करावी लागली. गंमत अशी, की नौकेला ज्यांचे नाव दिले ते लुई-एमिल बेर्तँ हे नौदल अभियंते १८८६ ते १८९० या काळात जपानच्या सेवेत होते आणि तेथे त्यांनी आखलेल्या 'मात्सुशिमा' वर्गातील नौकांवरही ३२० मिलिमीटरची प्रचंड तोफ तिच्या मानाने फारच लहान जहाजावर चढवलेली होती. चीन-जपान युद्धातील १८९४ च्या यालू नदीच्या लढाईत त्या तोफांचा उपयोग नगण्यच झाला.

महायुद्ध सुरू झाल्यावर या वेगवान नौकेच्या वाट्याला सुरुंगांऐवजी सोने आले. पोलंडच्या मध्यवर्ती बँकेचा साठा वॉर्सातून निघून रुमेनिया आणि तुर्कस्तानमार्गे बैरूतला पोहोचला होता. त्यातील सुमारे ५७ टन सोने सप्टेंबर १९३९ मध्ये तिने तेथून फ्रान्समधील तुलाँ बंदराला नेले. पुढच्या एप्रिलमध्ये नॉर्वेच्या मोहिमेत ती ॲडमिरल देरियाँ यांची ध्वजनौका होती. १९ एप्रिल १९४० रोजी नाम्सोसच्या परिसरात जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात तिचे नुकसान झाले आणि तिची जागा 'माँकाल्म' या क्रूझरने घेतली. उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या पाण्यात वेग वापरायला जागा नसते, आणि विमानांच्या तुलनेत ३९ नॉट म्हणजे काहीच नव्हे.

दुरुस्तीनंतर पुन्हा सोनेच. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेचे अडीचशे टनांहून अधिक सोने घेऊन ती ब्रेस्टहून कॅनडातील हॅलिफॅक्सकडे निघाली. अडीचशे टन म्हटले की डोळ्यांपुढे सोन्याचा डोंगर उभा राहतो. पण सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीस पटींहून जास्त असल्याने एवढे सोने वितळवून एकत्र ओतले, तर जेमतेम १३ घनमीटर जागा व्यापेल. म्हणजे बाजूला २.३५ मीटर भरेल असा एकच ठोकळा, घरातल्या लहानशा खोलीत मावेल एवढा. पेट्यांमुळे जागा थोडी अधिक लागते एवढेच. नौकेच्या प्रमाण वजनाच्या तुलनेत हा भार चार-साडेचार टक्के होता. कवच नसलेल्या पण पाणबुडीला गाठता येणार नाही अशा जहाजासाठी याहून सोयीचा माल नसावा.

हॅलिफॅक्सला पोहोचल्यावर सोने उतरवण्यापूर्वीच फ्रान्स-जर्मनी युद्धविरामाचा प्रश्न आडवा आला. फ्रेंच नौदल मुख्यालयाने तिला कॅरिबियनमधील मार्टिनिकला जाण्याचा हुकूम दिला. सोने कॅनडातच राहावे असे ब्रिटिशांना वाटत होते आणि त्यांची 'डेव्हनशायर' ही क्रूझरही तिच्या मागावर होती. तरीही २१ जूनला निघून २४ जूनला ती सोन्यासह फोर-द-फ्राँस बंदरात दाखल झाली. सोने दसे किल्ल्यात ठेवले गेले आणि युद्ध संपेपर्यंत सुरक्षित राहिले.

पुढची तीन वर्षे मात्र ही वेगवान नौका जागची हलली नाही. मार्टिनिक विशी सरकारच्या, म्हणजे जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारच्या, अंमलाखाली होते आणि अमेरिकेच्या दबावामुळे तेथील फ्रेंच जहाजे निष्क्रिय करण्यात आली होती. जुलै १९४३ मध्ये बेट मित्रराष्ट्रांच्या बाजूला आल्यावर फिलाडेल्फियाच्या गोदीत तिच्यावर रडार आणि अधिक विमानवेधी तोफा चढल्या. नाम्सोसला जे उणे होते ते असे उशिरा भरून निघाले. ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्समधील मित्रफौजांच्या उतरणीला तिने तोफांचे पाठबळ दिले, १९४५-४६ मध्ये इंडोचायनाच्या पाण्यात ती तैनात होती, आणि परतल्यावर प्रशिक्षणनौका म्हणून राहून १९५९ मध्ये भंगारात गेली.