गाण्याला स्वतःचं नाव माहीत नसतं

संगणकात सीडी घातली की थोड्याच वेळात पडद्यावर गाण्यांची नावं येतात. ती सीडीवरच लिहिलेली असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. बहुतेक सीडींवर नावं नसतातच. असतात ते ध्वनीचे आकडे, आणि कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची छोटी यादी. सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे केलेले असतात. प्रत्येक गाणं कितव्या तुकड्यावर सुरू होतं, एवढ्यावरून सॉफ्टवेअर एक ओळखक्रमांक तयार करतं आणि तो म्युझिकब्रेन्झसारख्या इंटरनेटवरच्या सूचीत शोधतं. म्हणजे संगणक सीडी ओळखतो ती गाण्यांच्या लांबीवरून. सूर त्याने ऐकलेलाही नसतो.

घरचा म्युझिक सर्व्हर, म्हणजे गाणी साठवून घरातल्या फोन-संगणकांवर ऐकवणारा संगणक, उभा करताना हे फार उपयोगी पडतं, कारण सर्व्हर हा त्यातला सोपा भाग. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्याला जोडलेली हार्ड डिस्क आणि नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिनसारखं मोफत सॉफ्टवेअर, बस. राउटरला तो केबलने जोडावा, म्हणजे वाय-फायच्या कुरबुरी निम्म्या होतात. वेळ खाते ती लायब्ररी, म्हणजे सीडींवरून संगणकात घेतलेल्या गाण्यांचा साठा.

आधी फाइल कोणत्या प्रकारात ठेवायची ते ठरवा. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, दर वेळी १६ बिटांत, डाव्या-उजव्या बाजूंचा वेगवेगळा. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, मिनिटाला जवळपास दहा एमबी. एमपी३ यातलं बरंच काही फेकून देतं: मोठ्या आवाजाखाली दबून जे कानाला कळणार नाही, ते आधी. फ्लॅक या दुसऱ्या फाइल-प्रकाराची युक्ती मला जास्त आवडते. आवाजाची लाट एका मोजणीपासून पुढच्या मोजणीपर्यंत सहसा फार उडी मारत नाही, म्हणून फ्लॅक मागच्या आकड्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहून ठेवतं. चूक लहान, म्हणून फाइलही लहान, बऱ्याचदा मूळच्या निम्म्याच्या आसपास. वाजवताना मात्र एकूण एक बिट परत मिळतो. फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही करता येतं. एमपी३मधून गेलेलं परत येत नाही. सीड्या एकदाच संगणकात उतरवायच्या असतील तर फ्लॅकमध्येच उतरवाव्यात.

सीडीवर ओरखडा असेल तर प्लेअर मधला तुटलेला आकडा आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. उतरवण्याचं चांगलं सॉफ्टवेअर असं भागवून घेत नाही. तीच जागा ते पुन्हापुन्हा वाचतं, ड्राइव्ह घरघरत राहतो आणि तीन मिनिटांच्या गाण्याला अर्धा तासही लागू शकतो.

मग येतात टॅग, म्हणजे फाइलच्या पोटात लिहिलेली नावं. सर्व्हरचा सगळा भरवसा यांच्यावर. ‘बीथोव्हन’, ‘एल. बीथोव्हन’ आणि ‘बीथोव्हन, लुडविग’ ही त्याच्या लेखी तीन माणसं. निरनिराळ्या गायकांच्या वीस गाण्यांचा माझा एक संग्रह पहिल्याच दिवशी वीस अल्बम होऊन पडद्यावर पसरला. प्रत्येक गाण्याचा कलाकार वेगळा होता आणि ‘अल्बमचा कलाकार’ हा रकाना मी रिकामा सोडला होता. सगळीकडे ‘विविध कलाकार’ भरलं आणि पसारा एका अल्बमात आला.

दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी जोडणी म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी जरा महागात शिकलो. टॅग दुरुस्त करताना एकच अल्बम निवडल्याच्या समजुतीत मी अख्ख्या लायब्ररीला एकाच गायिकेचं नाव देऊन टाकलं. दोन्ही डिस्कनी ते इमानदारीने लिहून घेतलं. कपाटात महिनाभर न जोडता पडून असलेल्या तिसऱ्या डिस्कवर मात्र सगळे आपापल्या नावाने होते.