संयुक्त राष्ट्र दिन

संयुक्त राष्ट्रसंघाचा वर्धापनदिन. दरवर्षी २४ ऑक्टोबरला पाळतात.

संघाच्या सनदेवर, म्हणजे स्थापनेच्या करारावर, ५० राष्ट्रांच्या सह्या झाल्या त्या २६ जून १९४५ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत. (पोलंडने मागाहून सही केल्याने संस्थापक सदस्य ५१ धरतात.) वर्धापनदिन मात्र त्या तारखेचा नाही. पाच बडी राष्ट्रे (अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ, चीन, फ्रान्स) आणि उरलेल्यांपैकी बहुसंख्य यांनी मायदेशी रीतसर मान्यता दिल्यावरच सनद लागू व्हायची होती. ती अट २४ ऑक्टोबरला पुरी झाली. भारताची मान्यता ३० ऑक्टोबरला दाखल झाली. तरीही, आणि पारतंत्र्यात असूनही, भारत संस्थापक सदस्य ठरला. भारताच्या वतीने सही करणाऱ्यांत ए. रामस्वामी मुदलियार होते.

हा दिवस पाळण्याचा ठराव आमसभेने १९४७ साली केला. १९७१ मध्ये आणखी एका ठरावाने सदस्य देशांनी या दिवशी सार्वजनिक सुट्टी द्यावी अशी शिफारस केली. ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये राष्ट्रध्वज उभारतात. फिलिपिन्समधल्या शाळांत मुले देशोदेशींचे पोशाख घालून येतात, आणि तिथे हा दिवस बहुधा इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त रंगतो.

न्यूयॉर्कच्या मुख्यालयात भाषणे होतातच, पण आठवणीत राहिल्या त्या मैफली. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी आमसभेच्या सभागृहात गायल्या. तिथे त्यांनी म्हटलेले ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी रचले होते. शब्द कांचीचे असले तरी चाल मराठी संगीतकार वसंत देसाई यांची, ही गोष्ट आपल्याकडेही अनेकांना ठाऊक नसते. युद्ध सोडा, स्पर्धा सोडा, असे सांगणारे हे गीत त्या सभागृहाला इतके चपखल बसते की ते मुद्दाम या प्रसंगासाठी लिहिल्यासारखे वाटते. १९७१ मध्ये ९४ वर्षांचे चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी स्वतः रचलेले स्तोत्र सादर केले. शब्द कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे होते. सरचिटणीस ऊ थांट यांनी कासाल्स यांना शांतिपदक दिले.

१९९५ च्या पन्नाशीला देशोदेशींचे प्रमुख न्यूयॉर्कला मोठ्या संख्येने जमले. २०२० मध्ये पंचाहत्तरीचा मुख्य सोहळा सप्टेंबरातच झाला आणि करोनामुळे बहुतेक नेत्यांची भाषणे ध्वनिचित्रफितींवरूनच ऐकवावी लागली. १९७८ पासून निःशस्त्रीकरण सप्ताहही २४ ऑक्टोबरलाच सुरू होतो.